देवाला न्हाई, फुटबॉलला

दुपारच्या एस.टी.तून एक बाई उतरली. अंगावर फिकट निळं पातळ, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात शाळेची पोरं कवायतीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. सुभेदारांचं घर विचारत विचारत ती थेट अंगणात आली, तेव्हा बनुबाई सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. तिची नजर आधी त्या बुटांवर गेली आणि मग सावकाश वर चेहऱ्याकडे.

"शालन इथंच असते ना?" बाईंनी विचारलं. "मी गोदावरी. सांगलीला विश्रामबागेत तिच्या कॉलेजात मी खेळ शिकवते."

"माजी सूनच हाय ती. या की, बसा," बनुबाई म्हणाली. "पर खेळ शिकवायचा म्हंजे काय शिकवायचं वो? पोरं तर आपसूकच खेळत्यात."

तेवढ्यात शालन पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "बाई!" असं ओरडून ती पळत येऊन पाया पडली, आणि दुसऱ्याच क्षणी दूध सांडल्यासारखा चेहरा करून तिने सासूकडे बघितलं. वैशाखात लग्न होऊन ती या घरी आली होती. नवरा कृष्णात महिनाभराची रजा संपवून पलटणीत गेला होता. तेव्हापासून पोरगी घरात अशी वावरत होती की भांड्याला भांडं लागल्याचा आवाज येऊ नये. बनुबाईने तिचा एवढा मोठा आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

गोदावरीबाईंनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. पुढच्या महिन्यात केरळात, कालिकतला, आशियातल्या देशांच्या बायकांच्या फुटबॉलच्या स्पर्धा भरणार होत्या. परदेशातले संघ येणार, आपल्याही मुली खेळणार. त्यांच्या जुन्या मुलींपैकी तिघीजणी बघायला निघाल्या होत्या.

"शालनला सोडून जायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून विचारायला आले," त्या म्हणाल्या. "आमच्या कॉलेजच्या संघात हिच्या पायात एकदा चेंडू आला, की समोरच्यांची धांदल उडायची."

बनुबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "म्हंजे आमची सून चेंडू खेळायची?"

शालनने मान खाली घातली. त्याच वेळी सोप्यातला रेडिओ बंद झाला. निवडणुकीच्या बातम्या ऐकत पडलेले तिचे सासरे लालासाहेब धोतर सावरत बाहेर आले. सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालेला माणूस, पण चालणं अजून परेडचंच. "कंच्या जागेवर खेळायचीस गं?" त्यांनी विचारलं.

"राइट आउट," शालन इतक्या हळू म्हणाली, की तिच्या पायाच्या अंगठ्यालाच ऐकू गेलं असेल.

"राइट आउट! आगं मग सांगायचं न्हाईस व्हय? आं? एवढं म्हैनं मी हितं कॉमेंट्री एकटाच ऐकत बसतुय! आमची पलटन कॅननूरच्या छावणीत हुती तवा रोज संध्याकाळी मॅच. कालिकत तिथनं हाकेच्या अंतरावर. तिकडचं लोक फुटबॉल म्हंजे जेवानखान सोडून बगत्यात." ते शालनच्या समोर उकिडवेच बसले. "डाव्या पायानं बी मारतीस का नुसत्या उजव्यानं?"

"दोन्ही," शालन म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळून पुन्हा विझलं.

बनुबाई सगळ्यांची तोंडं बघत राहिली. आपल्याच घरात आपल्याला न कळणारी भाषा सुरू झालीय आणि म्हाताऱ्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांना ती येते, असं तिला वाटलं. त्याचा तिला राग आला. "कुटं जायाचं न्हाई," ती म्हणाली. "पयली संक्रांत हाय तिची. नवरा लांब मुलखात, आन नवी सून चेंडू बगाय गेली म्हनल्यावर गाव आमच्या तोंडात शेन घालंल."

लालासाहेब उठून धोतर झटकू लागले. गोदावरीबाईंनी वाद घातला नाही. "तुमचं घर, तुमचा शब्द," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मी गाड्यांचं बघणार आहे. मन बदललं तर तोवर कळवा." चहा घेऊन त्या संध्याकाळच्या गाडीने निघून गेल्या.

शालन रुसली असती, आदळआपट केली असती, तर बनुबाईला बरं वाटलं असतं. पण पोरीने रोजच्यासारख्या भाकऱ्या थापल्या, म्हशीचं शेण काढलं, सासऱ्याला अंघोळीचं पाणी दिलं.   तिसऱ्या दिवशी दोघी मळ्यात मेथी खुडत असताना तिने विचारलं, "लग्नाआधी का सांगितलं न्हाईस गं?"

"आई म्हणाली, सांगितलं तर सोयरीक मोडेल."

"कृष्णातला ठावं हाय?"

"त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आत्याबाई." शालन जराशी थांबली. "ते म्हणाले, आबांना कळू देऊ नकोस, नाहीतर तुला रोज अंगणात खेळायला लावतील."

बनुबाईला हसू फुटलं. एवढं हसली की पदर तोंडात धरावा लागला. अगदी खरं होतं लेकाचं. हसू ओसरल्यावर ती मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "बग, मी न्हाई म्हनलं ते न बगता म्हनलं. व्हय म्हनायचं झालं तरी बगूनच म्हनीन. मला दाव तुजा त्यो खेळ."

लालासाहेब दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला जाऊन चामड्याचा चेंडू घेऊन आले. सायकलच्या दुकानात हवा भरून, वादी आवळून, तो त्यांनी बारशाच्या पोराला घेतात तसा कवेत धरून आणला होता. भुईमूग काढून मोकळं पडलेलं एक रान मळ्यात होतं. गावाच्या नजरेआड. तिथे कडब्याच्या दोन पेंड्या रोवून त्यांनी गोल केला आणि स्वतः मधे उभे राहिले.

शालन गोल नेसलेल्या पातळात चेंडूला पाय लावायला गेली आणि तोल जाऊन खाली बसली.

"आसं कसं पळशील?" बनुबाई म्हणाली. "चल हिकडं." विहिरीच्या खोपटात नेऊन तिने आपलं नऊवारी लुगडं सुनेला नेसवलं. कासोटा असा आवळला की विहिरीत उतरली तरी सुटला नसता. "ह्यात मी पाभरीमागं बी चाललीया आन झाडावर बी चढलीया. आता पळ."

शालनने चेंडू पुढ्यात घेतला. पहिल्यांदा हळू, पायाच्या आतल्या बाजूने ढकलत. मग जरा जोरात. मग एकाएकी ती बांधाच्या कडेकडेने सुटली. चेंडू पायापासून वीतभर पुढे, दोरी बांधल्यासारखा. बनुबाई बांधावर उभी होती. गेले कितीतरी महिने या पोरीची मान तिने खालीच बघितली होती. आज ती वर होती, ताठ. डोळे लांबवर कुठेतरी लागलेले, वेणी पाठीवर उडतेय, आणि ओठ घट्ट मिटलेले. वळणावर पोहोचल्यावर तिने पायाने असा काही फटका मारला, की चेंडू वाकडा होत होत आला आणि लालासाहेबांचा पटका घेऊन पेंड्यांच्या मधून पार गेला.

"गोल!" पटका पडलेले सुभेदार स्वतःच ओरडले. "आगं, ह्येला म्हनत्यात शॉट!"

  बनुबाई बांधावरून खाली उतरली, चेंडूजवळ गेली, लुगडं वर खोचलं आणि एक लाथ हाणली. चेंडू तिरका जाऊन मेथीच्या वाफ्यात पडला.

"जायाचं," ती म्हणाली. "संक्रांतीला ववसून झालं, की दुसऱ्या दिवशी निगायचं. आन मी बी येनार."

त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. लालासाहेबांनी अंगणात राखेने नकाशा काढला. मिरजेचा ठिपका, हुबळीचा ठिपका, तिथून घाट उतरून समुद्राच्या कडेने मंगळूर, आणि मग रेल्वेने खाली कॅननूर, कालिकत. आठवडा उलटायच्या आत गोदावरीबाई निरोप मिळून पुन्हा आल्या, तर त्यांनी राखेत बंगळूरकडून दुसरी रेघ ओढली; त्यांचं म्हणणं, तिकडून जावं, रात्री गाडीत नीट झोप तरी लागेल.

"बाई, मंगळूरकडनं समुद्र दिसतुया," लालासाहेब म्हणाले.

"आपल्याला मॅच बघायचीय की समुद्र?"

"मला समुद्र बी बगायचाय," बनुबाई मधेच म्हणाली. "मी कवा बगितला न्हाई."

गोदावरीबाई तिच्याकडे बघून हसल्या. पायातल्या बुटाने त्यांनी बंगळूरची रेघ पुसून टाकली.

संध्याकाळी जेवणं झाली की खेळाचे नियम. चेंडूला हात लावायचा नाही, हे बनुबाईला लगेच कळलं. अकरा-अकरा जणी का, हेही तिने फार विचारलं नाही. ऑफसाइडपाशी, म्हणजे चेंडू यायच्या आधीच पुढे गोलजवळ जाऊन थांबायचं नाही या नियमापाशी, मात्र गाडं अडलं. लालासाहेबांनी वाटाणे मांडून दाखवले, शालनने वाट्या मांडून दाखवल्या, बनुबाई मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायची. शेवटी एका संध्याकाळी भाकरी परततापरतता ती म्हणाली, "थांबा. म्हंजे आसं, की बोलावनं यायच्या आदी पंगतीत जाऊन बसायचं न्हाई."

शालन टाळ्या वाजवून हसली. "आत्याबाई, कॉलेजात आम्हाला हे समजायला वर्ष लागलं होतं!"

गावात बातमी लपणार थोडीच. पाणवठ्यावर शेजारची रंगूबाई, आकारामची बायको, घागर घासता घासता म्हणाली, "काय बनाक्का, सामानाची बांदाबांद चाललीया म्हनं. रामेसरला निगालाय का काय? देवाला जायचं तर आमास्नी बी सांगायचं."

बनुबाईच्या जिभेवर 'व्हय, देवाला' आलंच होतं. तेवढं म्हटलं असतं तर सगळ्यांनी हात जोडले असते, विषय संपला असता. पण तिला त्या रिकाम्या रानातली ताठ मान आठवली. "देवाला न्हाई," ती म्हणाली. "फुटबॉलला. बायकांचा हाय. देशोदेशीच्या बाया येनार हैत."

 कोणीतरी खुदकन हसलं, कोणी तोंडाला पदर लावला. "चड्ड्या घालून खेळत्यात म्हनं!" एक जण म्हणाली.

"घालंनात. लुगडं नेसून पळायला मी आन माजी सून हाय की," बनुबाईने घागर उचलली. "न्हाईतर तू ये, तुजं दात पडलेलं बी चालत्यात तिकडं." आता हशा तिच्या बाजूने झाला. 

सगळं ठरलं, गोदावरीबाईंनी मिरजेहून जागा राखून ठेवल्या, आणि निवडणुकीचा गलबला संपून जीपगाड्यांचे भोंगे थांबले, त्याच आठवड्यात साखर कारखान्याचा माणूस सायकलवरून येऊन सांगून गेला: सुभेदारांच्या उसाची तोड संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीपासून. टोळी येणार, गाड्या लागणार, मालकाने हजर राहायचं.

लालासाहेब सोप्यात बसून राहिले. रेडिओही लावला नाही. शालनने पुढे ठेवलेला चहा निवून गेला. शेवटी ते म्हणाले, "तुमी दोघी जावा. बाई हैत संगं. मी ऱ्हातो उसाकडं. म्या लय मॅची बगितल्यात आयुष्यात."

त्यांच्या आवाजातला ओढून आणलेला मोठेपणा बनुबाईला ऐकवेना. इतकी वर्षं हा माणूस कुठे कुठे जाऊन आला, आणि ती चूल आणि मळा सांभाळत घरी राहिली. आता कुठे तो तिला बरोबर घेऊन निघणार होता. एकटीने समुद्र बघायचा आणि घरी येऊन ह्यांना सांगायचा, यात तिला राम वाटेना. "मामंजी नसतील तर मीही जाणार नाही," शालन आतून म्हणाली.

"कुनी बी ऱ्हानार न्हाई," असं म्हणून बनुबाईने पायात वहाणा सरकवल्या आणि ती सरळ आकारामच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याचा ऊस त्यांच्याच लागणीचा, बांधाला बांध लागून. त्याची तोड पंधरवड्याने येणार होती.

"आकारामभावजी, आमच्या तोडीला तुमचा ऊस घाला, आन तुमच्या तोडीला आमचा," ती म्हणाली. "एवढं करा."

आकाराम बैलाला वैरण टाकत होता. त्याने पेंडी खाली ठेवली, दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज बारीक केला. "करतो की वैनी. लौकर गेला तर मला बरंच हाय. पर एक आट हाय माजी."

"काय?"

"आमचीला बी संगं न्या. तुमी पानवठ्यावर काय बोलला कुनास ठावं, तवापासनं घरात दुसरा विषय न्हाई. 'बनाक्का निगाली, बनाक्का निगाली.' माजं कान किटलं, वैनी."

दाराआडून रंगूबाईचा आवाज आला, "म्या काय न्हाई म्हनलं!" आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की बनुबाईने तिचा हात धरला. दोघी तशाच कारखान्याच्या शेतकी साहेबाच्या कचेरीत गेल्या. साहेब आधी म्हणाला, नोंद बदलत नाही. मग त्याने विचारलं, एवढं कुठे निघालाय. बनुबाईने सांगितलं. त्याने चष्मा काढून दोघींकडे पाहिलं, मोठ्याने हसला आणि तोडीची अदलाबदल करून दिली. "जिंकलं कोण ते येऊन सांगा," एवढंच म्हणाला.

संक्रांतीला शालन काळ्या चंद्रकळेत वाणाची सुगडं घेऊन ववसायला गेली. देवळात बायकांनी तिला फुटबॉलवरून चिडवलं आणि तिने मान वर करून उत्तरं दिली. घरी लालासाहेबांनी अंगणात सगळ्यांचं सामान मांडायला लावून तपासणी केली. बनुबाईच्या गाठोड्यात खलबत्ता सापडला.

"ह्यो कशाला?"

"तिकडं ठेचा कशात वाटायचा?"

"अगं, ह्यो घिऊन पळता येतंय का?"

खलबत्ता राहिला. धपाटी, गुळाच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची लोटकी मात्र गेली. आकारामने पहाटे त्यांना बैलगाडीने फाट्यावर सोडलं, आणि एस.टी.ने ते मिरजेला पोहोचले. फलाटावर गोदावरीबाई आपल्या तीन मुलींसकट उभ्या होत्या. शालनला बघताच त्या तिघींनी असा कल्ला केला की हमाल थांबून बघायला लागले. मुलींच्या त्या घोळक्यात आपली सून कोणती, हे क्षणभर बनुबाईला ओळखूच आलं नाही.

हुबळीपर्यंत रंगूबाई खिडकी सोडायला तयार नव्हती. घाटात तिला बस लागली, पण मंगळूरच्या अलीकडे निळं पाणी दिसल्यावर ती खडखडीत बरी झाली. बनुबाईने समुद्र बघितला. ती लालासाहेबांचा दंड घट्ट धरून बसली.

कालिकतला मैदानाबाहेर माणसांचा पूर लोटला होता. लुंग्या नेसलेले बाप्ये, पोरं, पोरी, बायकासुद्धा. कुठे जत्रेलाही एवढी माणसं तिने पाहिली नव्हती. आत फळ्यांच्या बाकांवर जागा मिळाली. खाली हिरवंगार मैदान, आणि त्यावर दोन रंगांचे कपडे घातलेल्या मुली, एका रंगात आपल्या, दुसऱ्यात परदेशातल्या. चड्ड्यांकडे बनुबाईचं लक्ष गेलं ते घटकाभरच. मग तिला दिसलं ते वेगळंच: एकीच्या गुडघ्याला खपली धरलीय, दुसरी दातात रबर धरून केस बांधतेय, तिसरी बुटाची नाडी ओढताना जीभ बाहेर काढतेय. पोरीच त्या.

खेळ सुरू झाला. शालन एका बाजूला, तिचा श्वास वर लागलेला, मुठी आवळलेल्या. मधूनच ती बनुबाईच्या कानात सांगायची, "आता ती आत घेईल बघा," आणि तसंच व्हायचं. पुढच्या बाकावरच्या एका माणसाने उन्हासाठी छत्री उघडली. लालासाहेबांना काही दिसेना. कॅननूरच्या छावणीत शिकलेलं मल्याळम बाहेर काढून ते त्याला समजावू लागले. तो माणूस हसून हसून उत्तरं देऊ लागला. दोघांचं चांगलंच जमलं. सुभेदारांनी मैदानाकडे पाठ फिरवली होती, तेवढ्यात सगळं मैदान गरजलं. फळ्या हादरल्या. शालन उडी मारून उभी राहिली, रंगूबाईने कोणा अनोळखी बाईला मिठी मारली.

लालासाहेब गर्रकन वळले. "काय झालं? आगं, काय झालं?"

"गोल झाला की!" बनुबाई उभीच होती, पदर खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांत पाणी. "त्या बारक्या पोरीनं कडंनं चेंडू आनला. दोघी आडव्या आल्या, त्यास्नी चकवलं. मदी एक उबी हुती, मला वाटलं ही आता पंगतीत आदीच जाऊन बसतीया, पर न्हाई, बरोबर चेंडूच्या मागं हुती! तिनं डोक्यानं मारला. डोक्यानं, आवं! आन ती राखनदारीन हिकडं पडली आन चेंडू तिकडनं आत!"

"मला दिसलंच न्हाई," लालासाहेब हळहळले. "परत सांग, कुटनं आनला म्हनलीस?"

"नंतर सांगते," बनुबाई त्यांना खांद्याला धरून खाली बसवत म्हणाली. "आता गप ऱ्हावा. ती बगा, परत सुटली."